गावं जोडणाऱ्या बससेवेसाठी काय मागू: लो फ्लोअर की लिफ्ट?

रिकामी_सीट

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही काही प्रवासी मिळून एका प्रादेशिक बससेवेला सूचना देणार आहोत. शहरातल्या शहरात फिरणारी बस नाही ही, गावं आणि छोटी शहरं जोडणारी, एकेक फेरी तास-दीड तासाची, काही थांबे म्हणजे रस्त्याकडेला नुसता एक खांब. नवीन गाड्या घ्यायचं चाललंय आणि त्यांनी विचारलंय की अपंग प्रवाशांसाठी काय पाहिजे ते लिहून द्या. विचारलं हेच खूप म्हणायचं. पण आता आमच्यातच दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात लो फ्लोअरच मागा, म्हणजे दारात पायरी नसलेली बुटकी बस, अर्धे म्हणतात खड्ड्यांच्या रस्त्यावर लो फ्लोअर खाली घासते, चाकांच्या जागेमुळे सीटही कमी बसतात, त्यापेक्षा नेहमीच्या उंच गाडीला लिफ्ट लावून घ्या. माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो, त्याला विचारलं तर म्हणाला आधी बस थांबू दे मग बघू.

पैसे मर्यादित आहेत हे धरून चाला. कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून झालीत, त्यात सगळं छानच असतं. रोज वापरणाऱ्यांनी सांगा, एकच गोष्ट आधी मागायची तर कुठली?

दोन_मोठी_दोन_छोटी

ताई, तुमच्या भावाने बरोबर नस पकडलीय. मी व्हीलचेअरवरून असल्या बसने बरीच वर्षं प्रवास करतोय, दोन्ही प्रकार वापरलेत.

लिफ्टचं आधी सांगतो. चालते तेव्हा चालते. पण ती चालवायची म्हणजे ड्रायव्हरने खाली उतरायचं, मधलं दार उघडायचं, फळी बाहेर काढायची, मला वर घ्यायचं, आत हुक लावायचे, परत सगळं बंद करायचं आणि तोवर अख्खी बस तुमच्याकडे बघत बसलेली. पावसात तर विचारू नका. शिवाय लिफ्ट एकट्या माझ्यासाठी. कुबडीवाला, गुडघे गेलेली आजी, पोटुशी बाई यांना त्या उंच पायऱ्या आहेतच. अमेरिकेत उभ्याने चढणाऱ्यालाही लिफ्ट मागायचा हक्क आहे, पण भर गर्दीत मागायला धजावतं कोण?

लो फ्लोअरला दारात पायरीच नाही त्यामुळे फायदा सगळ्यांना आणि बस सुटतेही लवकर. खड्ड्यांचा मुद्दा खोटा नाही, सीटचाही नाही, पण त्याला मधला मार्ग आहे, लो एंट्री म्हणतात. पुढच्या दारापासून मधल्या दारापर्यंत फ्लोअर खाली, मागे इंजिनाच्या बाजूला दोन पायऱ्या चढून नेहमीसारख्या सीट. लांबच्या फेरीला मला तरी हाच प्रकार बरा वाटतो.

पण खरी गोम पुढेच आहे. आकडेमोड करून बघा. लो फ्लोअर बसचं फ्लोअर रस्त्यापासून साधारण ३२० मिमी वर. दाराच्या बाजूने गाडी खाली झुकवायची सोय असते त्यात ७० एक मिमी जातात, राहिले २५०. आता थांब्याला १६० मिमी उंचीचा फुटपाथ असेल तर फरक उरतो ९०, आणि दारातून बाहेर टाकायच्या एक मीटरच्या रॅम्पला उतार येतो साधारण १:११, मी एकटा हाताने चढून जातो. तेच थांब्याला नुसता खांब आणि माती असेल तर त्याच रॅम्पला २५० मिमी चढायचे, म्हणजे १:४. अमेरिकेत अपंगांच्या सोयींचे निकष ठरवणारं सरकारी बोर्ड आहे, त्याच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत बसच्या रॅम्पला जास्तीत जास्त १:६ धरलाय, इमारतीच्या रॅम्पला तिथे १:१२. १:४ वर मागून दोन माणसं ढकलायला लागतात आणि उतरताना मी डोळे मिटून घेतो. गाडी बदललेली नाही, रॅम्पही तोच. म्हणून माझं उत्तर, लो एंट्री मागा पण त्याच्या आधी थांबे मागा. सगळेच्या सगळे नाही, जिथे चढउतार जास्त, दवाखाना, बाजार, कॉलेज, स्टेशन, ते आधी.

स्टिअरिंगमागे

मी बस चालवलीय, अशाच लांबच्या मार्गांवर, म्हणून दुसरी बाजू लिहितो. वरच्या दादांचं गणित बरोबर पण ते खरं कधी, तर बस त्या फुटपाथला चिकटून लागली तर. थांब्यासमोर कोणीतरी गाडी लावून गेलेला असतो मग आमची बस तिरकी लागते, पुढचं दार जवळ आणि मधलं दार हातभर लांब, आणि रॅम्प मधल्या दाराला. त्यात काही ठिकाणी थांब्यासाठी रस्त्याच्या कडेला आत खाच काढतात, वाहतुकीला अडथळा नको म्हणून, त्या खाचेत लांब बस सरळ करायला जागाच नसते. उलटं करायला पाहिजे. थांब्यापुरता फुटपाथच रस्त्याकडे पुढे आणा, बस सरळ येते सरळ थांबते आणि तिथे कोणाला गाडी लावायलाही जमत नाही.

आणि ड्रायव्हर कडेपासून लांब का राहतो माहितीय का, टायर कापला तर तो त्याच्या नावावर लागतो. जर्मनीतल्या कासेल शहरात १९९० च्या दशकात यावर उपाय काढला, फुटपाथच्या कडेचा दगडच वेगळा केला, खालून आत गोलाई दिलेला आणि गुळगुळीत. टायर बिनधास्त टेकवायचा, तो स्वतःच कडेने सरळ धरून जातो, घासत नाही. आता तो प्रकार बऱ्याच देशांत वापरतात. नवीन थांबे बांधणार असाल तर हे नक्की लिहा, यात मोटर नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं काही नाही.

आता वेळापत्रक. रॅम्प काढायचा, पट्टा लावायचा, परत रॅम्प घालायचा याला लागणारा वेळ कागदावर कुठेच धरलेला नसतो, उशीर झाला की जाब मात्र मला विचारणार. मग काही जण लांबून खुर्ची दिसली की न बघितल्यासारखं करून पुढे निघून जातात. चूकच आहे ते, पाठराखण करत नाहीये. पण नुसत्या मेमोने ते सुटणार नाही, प्रत्येक फेरीच्या टोकाला थोडी मोकळी मिनिटं ठेवली तर सुटेल.

राहिली दुरुस्ती. रोज न उघडलेला रॅम्प गंजतो, बिजागरीत माती बसते, आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी उघडत नाही. सकाळी डेपोतून निघताना लाइट-ब्रेक बघतो तसा रॅम्प एकदा उघडून मिटायचा, बास. हाताने उलटायचा साधा रॅम्प मागा, मोटरवाल्याच्या नादी लागू नका. आणि अमेरिकेच्या नियमांत एक भारी कलम आहे. लिफ्ट बंद पडली आणि त्या मार्गावर चढता येईल अशी पुढची बस ३० मिनिटांहून उशिरा असेल तर त्या प्रवाशाला दुसरं वाहन ताबडतोब द्यायचं. शहरात दर दहा मिनिटांनी बस असते तिथे याचा फारसा प्रश्न येत नाही. पण तुमच्या मार्गावर पुढची बस तीन तासांनी असेल तर बाकी सगळं एकीकडे आणि हे कलम एकीकडे. लिफ्ट बिघडलेली गाडी किती दिवस तशीच चालवायची यालाही तिथे मर्यादा आहे, तीसुद्धा बदली गाडी नसेल तरच: ५०,००० पर्यंत वस्तीच्या भागात ५ दिवस, मोठ्या भागात ३.

सरळ_हिशोब

राग मानू नका पण विचारतो. असल्या बसमध्ये व्हीलचेअरवाले चढताना मी तरी कधी पाहिले नाहीत. महिन्याकाठी एखाद्यासाठी सगळ्या गाड्या आणि थांबे बदलायचे? त्यापेक्षा ज्याला गरज आहे त्याने फोन करावा, दारात व्हॅन येईल, स्वस्तही पडेल आणि त्यालाही बरं.

दोन_मोठी_दोन_छोटी

राग कशाला, हे नेहमीचंच आहे. चढताना दिसले नाहीत कारण चढता येत नाही. जो थांब्यावरून परत घरी गेला त्याचं तिकीट फाटत नाही, त्यामुळे तो कुठल्याच हिशोबात नाही.

व्हॅनचं म्हणाल तर ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. डॉक्टरची वेळ आदल्या दिवशी माहीत असते, मित्राचा फोन कधी येणार ते नसतं. आणि एका ड्रायव्हरने एक गाडी घेऊन एक-दोन माणसांसाठी तीस किलोमीटर जायचं यायचं, हे दर फेरीला, ते स्वस्त कसं? बसच्या रॅम्पचा मुख्य खर्च एकदाच होतो. ज्यांना बस जमूच शकत नाही त्यांच्यासाठी व्हॅन पाहिजेच, अमेरिकेत लोकल बसच्या मार्गापासून पाऊण मैलाच्या आत ती द्यावीच लागते, पण ती बसच्या जोडीला. बसच्या बदल्यात नाही. ५ जुलै १९७८ ला डेन्व्हरमध्ये १९ अपंग कार्यकर्ते भर चौकात बससमोर जाऊन बसले, रात्रभर हलले नाहीत, आणि मागणी काय तर बसमध्ये चढू द्या. देशभराचा कायदा यायला १९९० उजाडलं.

सरळ_हिशोब

तिकीट फाटत नाही हा मुद्दा पटला. व्हॅनचं अजून पटलेलं नाही, आकडे बघून बोलेन.

कानांनी_बघतो

सगळी चर्चा चाकांवर चाललीय म्हणून मध्ये घुसतो. मला दिसत नाही. मला रॅम्पचं काही नाही, पायऱ्या असल्या तरी चढतो. मला एवढंच कळलं पाहिजे की आलेली बस कुठली आणि मी आत्ता कुठे आहे.

शहरात मी वळणांवरून, सिग्नलवरून, वासावरूनसुद्धा ओळखतो. गावांच्या मार्गावर कितीतरी वेळ नुसता सरळ रस्ता, आणि चुकून एक थांबा पुढे उतरलो तर तिथे ना माणूस ना फुटपाथ आणि उलट दिशेची बस संध्याकाळी. म्हणजे शहरापेक्षा घोषणेची गरज इथे जास्त आणि नेमकी इथेच ती नसते. कंडक्टरला सांगून ठेवा म्हणतात लोक, तो विसरला की संपलं, आणि बऱ्याच ठिकाणी आता कंडक्टरच नाही. ब्रिटनमध्ये २०२३ च्या नियमांनी लोकल बसच्या आत पुढचा थांबा ऐकूही आला पाहिजे आणि दिसलाही पाहिजे असं टप्प्याटप्प्याने बंधनकारक केलंय. दोन्ही हवं, मला आवाज आणि ऐकू न येणाऱ्यांना पाटी. बाहेरच्या बाजूलाही एक स्पीकर मागा, दार उघडलं की मार्ग आणि शेवटचा थांबा बोलणारा, नाहीतर प्रत्येक बसला ही कुठली ही कुठली करत बसतो मी, आणि इलेक्ट्रिक गाडी तर आली कधी तेच कळत नाही. आणि ड्रायव्हरदादा, आवाज बंद करायचं बटण तुमच्या हाताशी देऊ नये असं मी लिहायला सांगणार आहे. कंटाळून बंद करतात हे माहीत आहे मला.

थांब्यावर उठावाच्या फरशा हव्यात. सेइइची मियाके यांनी जपानमध्ये १९६५ ला त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. ठिपके लागले की थांबायचं, लांब पट्ट्या लागल्या की चालत राहायचं. त्या पट्ट्या बसचं पुढचं दार जिथे येतं तिथपर्यंत आणून सोडा आणि ड्रायव्हरने दार तिथेच आणायचं, म्हणजे दार शोधत बसच्या अंगावरून हात फिरवत जायला नको. एका थांब्यावर पट्ट्या थेट विजेच्या खांबात नेऊन सोडलेल्या मला सापडल्या. म्हणजे कपाळाला सापडल्या.

स्टिअरिंगमागे

बटणाचं मान्य. पण स्पीकर आमच्या बरोबर डोक्यावर लावतात आणि दिवसभर तोच बाईचा आवाज त्याच पट्टीत. स्पीकर मागे आणि मधे लावा, रात्री आवाज आपोआप कमी होऊ द्या, कोणी बंद करणार नाही.

कानांनी_बघतो

हे आजवर कुठल्या ड्रायव्हरने सांगितलंच नव्हतं. ताई, हे पण घाला पत्रात.

रिकामी_सीट

घालतेय, वही भरत चाललीय. अजून एक, आमच्याकडचे बरेच लोक बसने जाऊन पुढे ट्रेन पकडतात. ट्रेन आमच्या हातात नाही, पण त्या जोडणीबद्दल काही लिहावं का? स्टेशनवर मदत मिळते म्हणतात पण आधी कळवावी लागते.

रुळावरून

ट्रेनचं मुख्य दुखणं फलाटाची उंची. युरोपियन युनियनच्या नियमात नेहमीच्या उंच्या दोन, ५५० आणि ७६० मिमी, ब्रिटनमध्ये ९१५, आणि जुन्या फलाटांचं प्रत्येकाचं वेगळंच. गाडीचं दार एका उंचीवर आणि फलाट दुसऱ्या, मग पायऱ्या आल्याच. जिथे प्रादेशिक गाड्या घेताना गाडीचं फ्लोअर फलाटाला जुळवून घेतलंय आणि दारातून एक फळी आपोआप सरकून मधली फट भरते तिथे कोणाला फोन करावा लागत नाही, येता आणि चढता. बाकी ठिकाणी माणूस घडीचा रॅम्प घेऊन येतो, आणि तो यावा म्हणून आधी कळवायचं. युरोपियन युनियनमध्ये पूर्वी ४८ तास आधी कळवावं लागायचं, नव्या नियमाने ते २४ वर आणलंय, काही देशांना थोडी सवलत देऊन.

जपानमध्ये एक साधी पद्धत आहे. स्टेशनचा माणूस रॅम्पने तुम्हाला आत सोडतो आणि उतरायच्या स्टेशनला कळवतो, अमुक गाडी, अमुक डबा, अमुक दार. तिकडे दुसरा माणूस रॅम्प घेऊन उभा. याला पैसे लागत नाहीत, फोन लागतो, आणि हेच तुम्ही बसला लावू शकता. तुमच्या बसला वीस मिनिटं उशीर झाला तर स्टेशनवरच्या मदतनीसाला कोण सांगणार? कोणी नाही सांगितलं तर तो निघून जातो, ट्रेनही जाते आणि बुकिंगही. बसचा कंट्रोल रूम ते कळवेल एवढं एक वाक्य लिहा. तसंच स्टेशनवरची लिफ्ट बंद असेल तर ते बसमध्ये बसायच्या आधी कळलं पाहिजे, जिन्याखाली पोचल्यावर नाही.

आणि टॉयलेट. कोणी काढत नाही विषय म्हणून मी काढतो. दीड तास बस, मग वाट बघणं, मग ट्रेन. जिथे बदली करायची तिथे खुर्ची आत वळेल एवढं टॉयलेट, आणि त्याला कुलूप नको. कुलूप लावून किल्ली ऑफिसात आणि ऑफिस दुपारनंतर बंद असला प्रकार नको.

दोन_मोठी_दोन_छोटी

टॉयलेटचं शंभर टक्के. लांब जायचं असलं की मी सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि असं करणारा मी एकटा नाही.

आई_ऑन_ड्यूटी

माझा मुलगा स्वमग्न आहे, कॉलेजच्या वयाचा. बघून कोणाला कळत नाही त्यामुळे चढताना अडला की लोक ओरडतात. त्याला रॅम्प नको आणि जास्त आवाज तर अजिबात नको (वरच्या दादांना सॉरी, पण मागे आवाज नसलेल्या दोन-चार सीट राहू द्या). त्याला लागतं ते म्हणजे जे ठरलंय ते तसंच होणं. रोजच्या बसऐवजी वेगळ्या रंगाची आली, दार दुसरीकडे असलं की तो चढतच नाही आणि पुढची बस कधी ते वर सगळ्यांनी लिहिलंच आहे. तेव्हा नव्या गाड्या आणाल तेव्हा आधी फोटो टाका, आतून बाहेरून, आणि जमलं तर एक दिवस डेपोत उभी गाडी बघू द्या. आम्ही येऊ, चढून उतरून बघू, बसून राहू.

दुसरं म्हणजे थांब्यांना चित्रं. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र दिलं, लान्स वायमन नावाच्या डिझायनरने ती पद्धत बसवली, वाचता न येणाऱ्यांनाही स्टेशन ओळखता यावं म्हणून. आजही चालू आहे. माझ्या मुलाला वाचता येतं, पण घाबरला की अक्षरं डोक्यात शिरत नाहीत, चित्र शिरतं. गावातली एखादी खूण घ्या, विहीर म्हणा, पूल म्हणा, पाटीवर काढा आणि बसमधल्या स्क्रीनवर तेच चित्र दाखवा.

सूर्यफुलाची हिरवी पट्टी गळ्यात घालतात ते काही जणांनी पाहिलं असेल, न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी, २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालं आणि बरंच पसरलं. चांगलंच आहे. पण ती पट्टी बघून काय करायचं हे ड्रायव्हरला कोणी सांगितलं नसेल तर गळ्यात नुसतं ओझं.

रिकामी_सीट

सगळ्यांचे आभार. कच्चा मसुदा असा धरलाय: सुरुवात थांब्यांपासून, जास्त वापराचे आधी, फुटपाथ पुढे आणून, कासेलसारखी कड आणि पट्ट्या. गाड्या लो एंट्री, हाताचा रॅम्प, रोज सकाळी तपासायचा. घोषणा आत-बाहेर, बटणाशिवाय, स्पीकर मागे. रॅम्प बंद आणि पुढची बस लांब असेल तर दुसरं वाहन. लिफ्टवाल्या गटाला अजून थोडं समजवावं लागेल पण १:११ आणि १:४ चं गणित दाखवल्यावर दोघं तरी गप्प झाले.

दोन शंका. व्हीलचेअरच्या जागेत बॅगा, पोती, बाबागाडी असेल तर ड्रायव्हरने काय करायचं म्हणून लिहू? आणि बॅटरीवर चालणारी स्कूटर चढेल का?

स्टिअरिंगमागे

ब्रिटनमध्ये हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंय. २०१२ साली त्या जागेत ठेवलेली बाबागाडी हलवायला एका प्रवाशाने नकार दिला आणि डग पॉली नावाच्या व्हीलचेअरवाल्या माणसाला बसमध्ये जाता आलं नाही. २०१७ मध्ये निकाल आला की ड्रायव्हरने एकदा विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, नकार अवाजवी असेल तर आणखी सांगायला पाहिजे, गरज पडली तर बस थोडा वेळ थांबवून धरायचाही विचार करायला पाहिजे. मात्र माणसाला खाली उतरवायलाच पाहिजे असं कोर्टाने म्हटलं नाही. तुम्ही सरळ लिहा, पहिला हक्क व्हीलचेअरचा, ड्रायव्हरने सांगायचं आणि जागा होईपर्यंत बस हलवायची नाही. आणि सामानाला वेगळी जागा द्या हो, नाहीतर लोक पोतं ठेवणार कुठे, लांबची गाडी आहे.

दोन_मोठी_दोन_छोटी

स्कूटरचं मापावर आहे. अमेरिकेत बसमधली जागा किमान ३० बाय ४८ इंच धरतात आणि लिफ्ट-रॅम्पला ६०० पाउंड, म्हणजे साधारण २७० किलो झेपलं पाहिजे. ब्रिटनमध्ये बस ज्या खुर्चीवरून बेततात ती ७०० मिमी रुंद, १२०० लांब. छोट्या स्कूटर यात बसतात, मोठ्या नाही, आणि दारातून आत आल्यावर वळायला जागा लागते ती वेगळीच, बरेचदा अडतं ते तिथेच. पत्रात पुरेशी जागा असा शब्द घालू नका, मिमीमध्ये लिहा, नाहीतर पुरेशी म्हणजे किती ते तेच ठरवतील. आणि ऑर्डर पक्की व्हायच्या आधी एक गाडी मागवून तुमच्या भावाला तिच्यात चढवून बघा, रॅम्पच्या दाराने, वळून, जागेपर्यंत, परत बाहेर. मी जवळपास असेन तर माझी खुर्ची पण घेऊन येतो, मोटरवाली आहे, जड आहे, तिला जमलं तर बऱ्याच जणांना जमेल.